भाचीचा पहिला चेंडू

आज भाचीने ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये पहिलं अ‍ॅनिमेशन केलं. चेंडू पडतो, उडतो, बस्स. "मामा, हा फुग्यासारखा तरंगतोय रे!" तक्रार रास्त होती. चेंडू कुठे असेल हे आपण ठरवून दिलेलं चित्र म्हणजे कीफ्रेम. दोन कीफ्रेममधली हालचाल ब्लेंडर आपणहून गुळगुळीत करतं, त्यामुळे चेंडू जमिनीजवळ येतानाही मंदावतो. ग्राफ एडिटरमध्ये, म्हणजे हालचाल वक्ररेषेत दाखवणाऱ्या खिडकीत, जमिनीपाशी वक्र टोकदार केला, वर गोलच ठेवला, आणि चेंडूला एकदम वजन आलं. पोरगी किंचाळलीच!

नवशिक्यांनो, आधी चेंडूच करा. ड्रॅगन नंतर. (यूट्यूब उलटं सांगतं, पण असो.) सेकंदाला 24 फ्रेम (म्हणजे चित्रं) धरल्या तर पाच सेकंदांच्या चेंडूलाही 120 लागतात, ते काही कमी नाही. सॉफ्टवेअर फुकट आहे, आणि 2025 मध्ये ऑस्कर मिळालेला 'फ्लो' हा अ‍ॅनिमेशनपट याच ब्लेंडरमध्ये झालाय.

उद्या ती चेंडूला शेपूट लावणार म्हणतेय.