राख कशाची?

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी अंकासाठी काहीतरी लिही, असा निरोप आला आणि मला सातवीतला एक बुधवार आठवला.

मी सासष्टीतल्या रायचा. रोज बसने मडगावला शाळेत यायचो. त्या दिवशी पहाटे मांयबरोबर इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, जाऊन कपाळावर राखेचा खुरीस (क्रूस) घेतला आणि तसाच वर्गात येऊन बसलो. गोबराचो बुधवार, म्हणजे राखेचा बुधवार होता, ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासकाळाची सुरुवात. "अंगारा लावलास काय रे?" बाकावरच्या मित्राने विचारलं. मी लाजलो, रुमाल काढला. मराठीच्या बाईंनी ते पाहिलं. "पुसू नकोस," त्या म्हणाल्या, "ही राख कशाची, सांग बघू?"

मला माहीत नव्हतं. संध्याकाळी पाद्रीबाबांना विचारलं. रामांच्या (झावळ्यांच्या) आयतारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, आपण झावळ्या आशीर्वाद घेऊन घरी नेतो ना, त्याच वर्षभराने परत आणून जाळतात, ते म्हणाले. आमच्या ओरातोरामागे, म्हणजे घरच्या देव्हाऱ्यामागे, सुकत पडलेली ती पिवळी पाती मी रोज पाहत होतो!

दुसऱ्या दिवशी वर्गात हे सांगितलं. बाई काही बोलल्या नाहीत, ग्रंथालयातून 'क्रिस्तपुराण' घेऊन आल्या. मूळचे इंग्लंडचे फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले, इथली भाषा शिकले आणि येशूची कथा मराठी ओव्यांत रचली. १६१६ साली ती राशोलला छापली गेली. राशोल! आमच्या घरून चालत जाण्याइतकं. ज्ञानेश्वरी ज्या चालीवर शिकवत, त्याच चालीवर बाईंनी मला त्या ओव्या म्हणायला लावल्या. देव घरी कोंकणीत आणि शाळा मराठीत, अशी माझ्या मनात एक भिंत होती. ती त्या तासाला गेली. बाईंचे हे उपकार मी कधी बोलून दाखवले नाहीत, म्हणून इथे लिहितो.

श्रद्धेतलं नवेपण मला तेव्हापासून असंच, हाताला लागणाऱ्या वस्तूंत दिसतं. ५ ऑगस्टला आमच्या गावी कणसांचें फेस्त असतं. शेतातली पहिली कणसं पाद्रीबाब आशीर्वादित करतात आणि ती घरी येतात. हिंदू शेजारी चवथीच्या दिवसांत नवं करतात, तसंच आमचं हे. भात दरवर्षी तेच असतं, पण मांय ते कणीस दरवर्षी पहिल्यांदाच पाहिल्यासारखं हातात घ्यायची.

२०२० साली ५ एप्रिलला रामांचो आयतार आला तेव्हा इगर्जी बंद होत्या. मांय अंथरुणाला खिळलेली. अंगणातल्या माडाची कोवळी पाती मी तिला आणून दिली. बोटं थरथरत असतानाही तिने तिचा खुरीस विणला. टीव्हीवर मिसा, इगर्जीतली प्रार्थना, चालू होती. "आमच्याच माडाचो," ती एवढंच म्हणाली. नोव्हेंबरात ती गेली.

पुढच्या फेब्रुवारीत जुन्या झावळ्या इगर्जीत द्यायच्या होत्या. तिने विणलेला खुरीस द्यावा की जपून ठेवावा, याचा मी आठ दिवस विचार करत होतो. शेवटी दिला. गोबराच्या बुधवारी राख घेतली ती न पुसता घरी आलो.

मार्चच्या अखेरीस मी पुन्हा त्याच माडाची पाती काढली. विणणं मला नीट जमत नाही. खुरीस वाकडाच झाला. तो ओरातोरामागे खोचला, मांय खोचायची त्याच खिळ्याला. हिरवागार होता.