थेंब मोजायला शिकले: इसेन्शियल ऑइलचा माझा अनुभव

मला हनुवटीवर सारखे पिंपल्स यायचे, तेव्हा कुणीतरी सांगितलं टी ट्री ऑइल लाव, नॅचरल आहे, काही होत नाही. टी ट्री हे एक इसेन्शियल ऑइल, म्हणजे झाडाच्या पानाफुलांतून किंवा सालीतून काढलेलं एकदम तीव्र, वासाचं तेल. घरात एक बाटली आठ-नऊ महिन्यांपासून उघडी पडून होतीच, बाथरूमच्या खिडकीत. मग काय, कापसाच्या बोळ्याने रोज रात्री थेट लावायला लागले, त्यात काहीही न मिसळता. पहिले दोन आठवडे छान गेले, पिंपल सुकायचा, म्हणून मी अजून जास्त लावलं. आणि मग एक दिवस उठले तर हनुवटी लालभडक, बारीक पुरळ, खाज अशी की हात आवरेना. मला वाटलं हे दुसऱ्या कशाने तरी झालंय, म्हणून त्यावर परत तेच तेल लावलं आणि दुपारपर्यंत गालापर्यंत पसरलं.

स्किनच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा हेच विचारलं की बाटली कधी उघडलीये आणि कुठे ठेवलीये. टी ट्रीला हवा, उजेड, उष्णता लागली की ते ऑक्सिडाइज होतं, म्हणजे हवेतल्या ऑक्सिजनमुळे त्यातले घटक बदलतात, आणि असं जुनं तेल ताज्यापेक्षा जास्त अ‍ॅलर्जी आणतं. त्याला अ‍ॅलर्जिक कॉन्टॅक्ट डर्मटायटिस म्हणतात, आणि एकदा शरीराने एखाद्या गोष्टीची अ‍ॅलर्जी धरली की ती बहुतेक वेळा सुटत नाही. मला हे ऐकून खरंच वाईट वाटलं, कारण टी ट्री आता माझ्यासाठी संपलं. पण बाकीची तेलं नीट वापरायची असतील तर शिकायलाच हवं असं ठरवलं.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पातळ करणं. मी एक प्रमाण पाठ केलंय, 30 मिली कॅरियर ऑइलमध्ये 6 थेंब म्हणजे साधारण 1 टक्का, 12 थेंब म्हणजे 2 टक्के. चेहऱ्याला 1 टक्का, अंगाला फार तर 2, नवीन माणसाने त्याच्या वर जाऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. कॅरियर म्हणजे खोबरेल, बदाम तेल, जोजोबा असं कुठलंही साधं तेल. दालचिनी आणि लवंगेची तेलं मात्र या हिशोबात बसत नाहीत, ती त्वचेला फार जहाल आहेत, त्यांची मर्यादा बरीच खाली आहे, मी ती अंगाला लावतच नाही. आणि अंघोळीच्या पाण्यात नुसते थेंब टाकू नका, तेल पाण्यात मिसळत नाही, वर तरंगतं आणि तसंच्या तसं अंगाला चिकटतं.

इसेन्शियल ऑइल किती तीव्र असतं हे मला एका थर्माकोलच्या तुकड्याने पटवलं. लिंबाच्या तेलाची बाटली बंद करताना एक थेंब त्याच्यावर पडला, आणि बघता बघता तिथे खड्डा पडला, कडा आत ओढल्या गेल्यासारख्या. त्यातला लिमोनीन नावाचा घटक थर्माकोल विरघळवतो. तेव्हापासून माझ्याकडे सगळं गडद काचेच्या बाटलीतच असतं, प्लॅस्टिकच्या डबीत मिश्रण ठेवणं बंद.

पॅच टेस्ट, म्हणजे आधी थोड्याशा जागेवर लावून त्रास होतो का ते बघणं, मी कधीच सोडत नाही. पातळ केलेलं तेल कोपराच्या आतल्या बाजूला एक थेंब, वर बँडेज, 48 तास तसंच. मध्येच जळजळ झाली तर आधी साध्या तेलाने पुसून मग साबणाने धुवायचं, नुसत्या पाण्याने ते निघत नाही. डोळ्यात गेलं तर मात्र भरपूर पाण्यानेच धुवायचं आणि डॉक्टरांकडे जायचं.

अजून एक, जे मला खूप उशिरा कळलं. साल दाबून काढलेल्या लिंबाच्या आणि बर्गमॉटच्या (लिंबाच्या जातीचं एक फळ) तेलात फ्युरोकौमरिन नावाचे घटक असतात, ते लावून उन्हात गेलं की त्वचा भाजल्यासारखी होते आणि काळे डाग राहतात. निदान 12 तास त्या जागेवर ऊन नको.

डिफ्युझरमध्ये (तेलाचा वास खोलीत पसरवणारं यंत्र) मी 3-4 थेंबच टाकते, अर्धा तास चालवते, खिडकी उघडी. रात्रभर लावून झोपत नाही. घरात मांजर आहे, तिच्या लिव्हरमध्ये हे घटक पचवायचं जे एन्झाइम लागतं ते पुरेसं नसतं, म्हणून ती बाहेर जाऊ शकेल असं दार उघडं ठेवते, आणि ती चाटेल अशा जागी तेल सांडू देत नाही. लहान बाळ घरी येणार असेल तर निलगिरी आणि पेपरमिंट बाहेरच काढत नाही, तान्ह्या बाळाच्या नाकातोंडाजवळ या तेलांनी श्वासाला त्रास होऊ शकतो. आणि पोटात घेणं तर अजिबात नाही, निलगिरीचं तेल लहान मुलाने थोडं जरी प्यायलं तरी झटके येऊ शकतात, म्हणून माझ्या बाटल्या वरच्या कपाटात कुलपात असतात.

सध्या माझ्याकडे तीनच तेलं आहेत, लॅव्हेंडर, लिंबू, पेपरमिंट. प्रत्येक बाटलीवर उघडल्याची तारीख मार्करने लिहिलीये, आणि लिंबाची बाटली येत्या महिन्यात टाकून देणार आहे.