तुम्ही विचारलंत म्हणून: दुसऱ्या गिअरबद्दल

"जुनी स्पोर्ट्स कार घेतोय, मॅन्युअल आहे. गिअरबॉक्स टिकेल ना?" न्यू जर्सीत गणपतीच्या आरतीनंतर, प्रसादाची वाटी हातात असताना, हे मला दरवर्षी कुणीतरी विचारतंच. मी बोलायला लागलो की दुसरं कुणीतरी म्हणतं, "अहो, यांचा तर तीन आठवड्यांत गेला होता!" सगळे हसतात आणि विषय तिथंच राहतो. आज मला तो पुरा करायचा आहे.

गेला होता, खरं आहे. पण मुळात कमजोर होता म्हणून नाही. माझी गाडी १९९९ची मायाटा, माझदाची छोटी दोन सीटची स्पोर्ट्स कार. १.८ लिटरचं इंजिन, पाच गिअर, वजन जेमतेम हजार-अकराशे किलो. एवढ्याशा गाडीत गिअरबॉक्सवर भार तो किती येणार? नीट वापरला तर तो इंजिनाच्या बरोबरीनं टिकतो. म्हणून "अमुक मॉडेलचा गिअरबॉक्स चांगला का?" हा प्रश्न मला अपुरा वाटतो. झिजते ती आतली पितळी रिंग, सिंक्रो. गिअर बदलताना आतल्या दोन भागांचा वेग वेगळा असतो. ही रिंग गिअरला घासून धरते, दोघांचा वेग एक करते आणि मगच दाते एकमेकांत बसतात. प्रत्येक वेळी ती कणभर झिजते. सावकाश गिअर टाकणाऱ्याकडे कमी, सिग्नलवरून सुसाट सुटणाऱ्याकडे पुष्कळ. आधीच्या मालकाचा हात कसा होता, हे गाडीच्या कुठल्याच कागदावर लिहिलेलं नसतं.

हे सगळं मला गाडी घ्यायच्या आधीपासून माहीत होतं. म्हणूनच जास्त लागतं.

२०१४च्या सप्टेंबरात अण्णा आमच्याकडे राहायला आले होते. वाई डेपोत तीस वर्षं एसटी चालवलेला माणूस, निम्मं आयुष्य पसरणी घाटात गेलेलं. सुरुवातीला त्यांच्या हाती आलेल्या गाड्यांना सिंक्रो नव्हताच. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून अंदाजानं रेस, पुन्हा क्लच दाबून गिअर. डबल क्लच. रिंग जे काम करते ते अण्णा कानानं करायचे.

त्यांना घेऊन पेनसिल्वेनियात गाडी बघायला गेलो. मालक भला वाटला. "आत्ताच पेट्रोल भरून आलो," म्हणाला. मी बॉनेटवर हात ठेवला. गरम होतं. जुनी मॅन्युअल गाडी बघायची तर थंड असताना, रात्रभर उभी असताना, कारण तापल्यावर अडणारा गिअरही सहज पडतो, हे मी स्वतः चार जणांना सांगत असे. हात काढून घेतला आणि ट्रायलला निघालो. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना खर्रर्र झालं.

अण्णा म्हणाले, "दुसरा रडतोय रं."

मी म्हणालो, "या गाड्यांचा दुसरा थंडीत जरा अडतोच अण्णा. सगळ्यांचाच."

हे खोटं नव्हतं. या मायाटांचा दुसरा गिअर तेल तापेपर्यंत जड पडतो, ते कुणीही सांगेल. पण अण्णा म्हणाले, "गाडी तर तापलीय की."

आणि मी म्हणालो, "अण्णा, ही एसटी नाहीये."

मालकाला मराठी कळत नव्हतं, पण माझा सूर कळला असणार. अण्णांनी खिडकीबाहेर बघितलं. त्यानंतर ते गाडीबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. ४,२०० डॉलर मोजून मी गाडी घरी आणली.

ऑक्टोबरात पानांचे रंग बघायला आम्ही दोघं डेलावेअर वॉटर गॅपकडे गेलो. परतताना हायवेला लागायच्या चढावर, दुसऱ्यात पूर्ण रेस दिलेली असताना, गिअर सुटला. दांडा आपोआप न्यूट्रलला आला, इंजिन किंचाळलं, मागून ट्रक. मी पुन्हा दुसरा टाकला, पुन्हा सुटला. तेवढ्यात अण्णांनी दांड्यावर हात ठेवला, दुसऱ्यात घातला आणि दाबून धरला. "तू रस्त्याकडं बघ." अमेरिकेत ड्रायव्हर डावीकडे बसतो, म्हणून शेजारी बसलेल्या अण्णांचा डावा हात गिअरवर पडत होता. एसटीत तीस वर्षं गिअर टाकले तोच हात. चढ संपला तेव्हा म्हणाले, "क्लच." मी दाबला, त्यांनी तिसरा टाकला. पुढं घरापर्यंत दुसरा आम्ही वापरलाच नाही. पहिल्यावरून थेट तिसरा, आणि प्रत्येक वेळी ते म्हणायचे "क्लच", एवढंच. मीही काही बोललो नाही.

गिअरबॉक्स खोलला तेव्हा तेलात सोनेरी चमचम होती. पितळ. दुसऱ्या गिअरच्या रिंगेला आतून बारीक आटे असतात, नख फिरवलं तर अडकायला हवं. ते काचेसारखे गुळगुळीत झाले होते. गिअरच्या दात्यांची टोकं चघळलेल्या पेन्सिलीसारखी. एवढी झीज तीन आठवड्यांची नसते. पण त्या तीन आठवड्यांत मीही तो गिअर रेटून टाकत होतो, एक हात सतत दांड्यावर ठेवून. "हात काढ तिथनं," असं अण्णा मला लहानपणापासून सांगायचे. हाताच्या वजनानं आतला फोर्क, म्हणजे गिअर सरकवणारा चिमटा, उगाच घासत राहतो.

भंगारात निघालेल्या मायाटाचा गिअरबॉक्स मजुरीसकट १,५०० डॉलरला बसवला. तेव्हाचा मी अजूनही वाद घालतो: गाडी स्वस्त होती, हा खर्च धरूनही बाजारभावातच पडली. हिशेब बरोबर आहे. फक्त तो घेताना केलेला नव्हता, नंतर जुळवलेला आहे. मालकानं मुद्दाम गाडी तापवून ठेवली होती का? कदाचित खरंच पेट्रोल भरून आला असेल. त्याला दोष देणं सोपं आहे, पण बॉनेटवर हात माझा होता.

तरी मॅन्युअलच का? कारण मॅन्युअल काही लपवत नाही. इंजिन बंद असताना सगळे गिअर सहज पडतात आणि चालू केल्यावर अडतात, तर बहुतेक वेळा क्लच पुरता सुटत नसतो. मायाटात तर क्लचचा खालचा स्लेव्ह सिलिंडर, म्हणजे द्रवाच्या दाबानं क्लच सोडवणारा भाग, गळतो आणि लोक गिअरबॉक्सला दोष देऊन तो चांगला असताना भंगारात काढतात. न्यूट्रलमध्ये घुरघुर येते आणि क्लच दाबला की थांबते, तर गिअरबॉक्सचं बेअरिंग. उलट, दाबल्यावरच आवाज येतो, तर क्लचचं बेअरिंग. चौथ्यात हळू जाताना एकदम रेस द्या. इंजिनाचा आवाज चढला आणि गाडी तिथंच, म्हणजे क्लचप्लेट संपली. आणि गरम गाडीचा गिअर खरखरला तर त्याला थंडीचं नाव देऊ नका. तेलाबद्दल मतभेद आहेत. पितळी रिंगांसाठी मी ७५डब्ल्यू-९० जाडीचं, जीएल-४ दर्जाचंच गिअर तेल घालतो. जीएल-५ डिफरन्शियलसाठी, म्हणजे चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरांसाठी बनलेलं, त्यात गंधक-फॉस्फरस जास्त असतं. कुणी म्हणतं काही फरक पडत नाही. पडत नसेलही.

पण तुम्ही ही गाडी घ्यावी का, ते मला सांगता येत नाही. ज्याला सगळं माहीत होतं त्यानंच गरम बॉनेटवरून हात काढून घेतला होता.

भंगारातला तो गिअरबॉक्स अजून चालतोय. जानेवारीत सकाळी पहिले दोन मैल त्याचाही दुसरा जड पडतो, पण तो खरोखर थंडीनं. अण्णांना आता एवढा प्रवास झेपत नाही. फोनवर गाडीचा विषय निघाला की तेल कधी बदललं एवढंच विचारतात. मी तारीख सांगतो. "ही एसटी नाहीये" हे वाक्य मी अजून परत घेतलेलं नाही.