दगड की झाडं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, आणि एकदाच. ‘भूशास्त्र आणि पर्यावरणशास्त्र म्हणजे नेमकं काय शिकलीस, दगड की झाडं?’ हे मी पहिल्या वर्षापासून ऐकतेय. हल्ली त्याला शेपूट फुटलंय: ‘आमच्या मुलीने घ्यावं का ते?’

झाडं जवळजवळ नव्हतीच. मीही झाडांसाठीच गेले होते, म्हणून सांगते. पहिल्या सत्रात हाती आले खनिजांचे नमुने, विरळ हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली आणि क्वार्ट्झ ७, फेल्डस्पार ६ असली काठिण्याची घोकंपट्टी. कॅल्साइटवर थेंब टाकला की लगेच फसफसतं. डोलोमाइट पूड केल्याशिवाय फारशी दाद देत नाही. जग वाचवायला निघालेल्या मुलीला हे काय शिकवताय, असा माझा तोरा होता.

दुसऱ्या वर्षी नकाशा काढायचं शिबिर लागलं. आठ दिवस डोंगर तुडवायचा, खडक उघडा दिसेल तिथे होकायंत्र लावायचं, थर कुठल्या दिशेने पसरलाय आणि किती अंशांनी कललाय ते वहीत टिपायचं. शेवटच्या रात्री सगळं कागदावर उतरवलं, तर रेघा जुळेनात. ओढ्याच्या अलीकडचा चुनखडीचा थर पलीकडे जाऊन भलतीकडेच तोंड करत होता. कलाचे अंश इतरांसारखेच, दिशा मात्र वाट्टेल तशा. मग लक्ष कमरेकडे गेलं. पोलादी हातोडा पट्ट्याला लटकवूनच मी रीडिंग घेत होते आणि सुई त्याच्याकडे ओढली जात होती. कल मोजायचं काम गुरुत्वावर चालतं, म्हणून तेवढं बरोबर आलं होतं. चूक ठरावीक असती तर वजा तरी केली असती. पण हातोडा कधी डावीकडे, कधी हातात, कधी शेजारच्या खडकावर.

मी रबर काढलं. मैत्रिणीच्या नकाशाशी जुळतील असे आकडे बेतले आणि जुने पुसून तिथे बसवले. सगळे नाहीत, अकरा.

सकाळी बाईंनी नकाशाकडे पाहिलंच नाही, वही मागितली. पान उन्हात तिरपं धरलं. मला पेन्सिल दाबून लिहायची सवय. पुसलेल्या जागी जुन्या आकड्यांचे वळ स्वच्छ दिसत होते. “खोडायचं असतं,” त्या म्हणाल्या, “एक रेघ मारून. आधी काय वाचलं होतंस ते दिसायला हवं.” बस्स. ओरडल्या असत्या तर परवडलं असतं. शिबिर पुढच्या वर्षी पुन्हा करावं लागलं.

हातोड्याबद्दल आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे, सांगितलं असेल. मी तेव्हा झाडं बघत असेन.

त्याच सुमारास वर्गात क्लेअर पॅटरसन शिकलो. हा माणूस पृथ्वीचं वय काढायला उल्केतलं शिसं मोजत होता आणि प्रयोगशाळेत बाहेरून शिरणारं शिसं त्याचे आकडे बिघडवत होतं. १९५६ मध्ये त्याने वय दिलं, सुमारे ४५५ कोटी वर्षं. पण ते बाहेरचं शिसं येतं कुठून, हा नाद त्याने सोडला नाही, आणि माग थेट पेट्रोलपर्यंत निघाला. गाड्यांचं शिसेयुक्त पेट्रोल जगातून हद्दपार व्हायला २०२१ उजाडलं. ‘दगड की झाडं’वाल्यांना मी हेच ऐकवते. ऐकवताना दरवेळी ते अकरा आकडे आठवतात, ते मात्र सांगत नाही.

राहिली तुमची मुलगी. पूर्वी मी डोळे झाकून ‘घे’ म्हणायचे. आता भूजलाचं काम करते. विहिरीत फ्लोराइड सापडलं की लोकांना कारखाना हवा असतो, आणि पुष्कळदा निघतो खालचा खडक. मग मीच कारखान्याला विकली गेलेली ठरते. उरलेला वेळ खाणींच्या परवानग्यांसाठी अहवाल लिहिण्यात जातो. त्याचे पैसे खाणवालाच देतो. आकडे बदल असं मला आजवर कुणी म्हटलेलं नाही. कुठलं पान जोडू नकोस, एवढंच सांगतात.

मागच्या महिन्यात उन्हाळ्यातल्या पाणीपातळीचं एक पान मी जोडलं नाही. ते वहीत आहे, एकही आकडा पुसलेला नाही. एवढ्याने भागतं का, हे मी अजून बाईंना विचारलेलं नाही.