त्र्याहत्तरावं हिस्टिडिन

फर्स्ट एमबीबीएसच्या वर्गात मिथाइलट्रान्सफरेज, म्हणजे मिथाइल नावाचा छोटा अणुगट दुसऱ्या रेणूवर चढवणारी एन्झाइमं, शिकवताना हल्ली मी हिस्टोनपासून (डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांपासून) सुरुवात करत नाही. हिस्टोनवर मिथाइल, मग जनुक बंद, मग एपिजेनेटिक्स, मग कॅन्सर... ही गाडी एकदा सुटली की मधल्या स्टेशनावर कुणी उतरतच नाही. शिवाय ‘मिथिलेशन सुधारा’ असल्या गोळ्यांचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज वाचून आलेलं कुणी ना कुणी वर्गात असतंच. म्हणून मी ॲक्टिनपासून सुरू करते.

ॲक्टिन हे स्नायूतलं, खरं तर आपल्या प्रत्येक पेशीतलं, तंतू बनवणारं प्रथिन. वजन साधारण ४२,००० डाल्टन (एक डाल्टन म्हणजे जवळपास एका हायड्रोजन अणूचं वजन). त्याच्या साखळीत ७३व्या जागी हिस्टिडिन हे अमिनो आम्ल आहे आणि त्यावर एक मिथाइल बसलेला असतो. एक हायड्रोजन जाऊन तिथे एक कार्बन आणि तीन हायड्रोजन, म्हणजे भर फक्त १४ डाल्टनची. मिथाइल देतं सॅम, म्हणजे एस-ॲडेनोसिलमिथिओनिन.

स्नायूच्या प्रथिनांत असं ३-मिथाइलहिस्टिडिन असतं हे १९६७ मध्येच कळलं होतं, आणि त्याचा उपयोगही लवकरच सुरू झाला. स्नायूतलं प्रथिन मोडलं की बाकीची अमिनो आम्लं नव्या प्रथिनात पुन्हा लागतात. याला मात्र परतीची वाट नाही, कारण मिथाइल चढतो तो साखळी तयार झाल्यावर. सुट्या ३-मिथाइलहिस्टिडिनला उचलणारा टीआरएनए (अमिनो आम्ल नव्या साखळीपर्यंत आणून देणारा रेणू) पेशीत नाहीच. मग ते लघवीतून बाहेर पडतं. चोवीस तासांच्या लघवीत ते मोजलं की स्नायू किती झिजतोय याचा अंदाज येतो. अट एकच, आधी काही दिवस मटण-मासे बंद. नाहीतर रश्श्यातल्या बोकडाचं ॲक्टिनही तुमच्याच नावावर मोजलं जातं. इथे शेवटचा बाकसुद्धा मान वर करतो.

एवढं सगळं झालं, पण तो मिथाइल लावतं कोण? १९८७ मध्ये विजयसारथी आणि राव यांनी सशाच्या स्नायूतून ते एन्झाइम अर्धवट शुद्ध केलं होतं. त्याचं जनुक मात्र हाती लागलं नव्हतं. ते लागायला २०१८ उजाडलं. वॉर्सा विद्यापीठातल्या याकुब द्रोझाक यांच्या गटाने रॅटच्या स्नायूतून गाळत-गाळत ते पकडलं, आणि स्टॅनफर्डमध्ये ऑर गोझानी यांचा गट वेगळ्या वाटेने त्याच नावापाशी पोचला: सेटडी३.

मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे, की सेटडी३ काही अनोळखी नव्हतं. त्याच्या अंगावर ‘सेट’ हा भाग आहे, आणि तो भाग असलेली एन्झाइमं सहसा लायसिन या दुसऱ्या अमिनो आम्लावर मिथाइल लावतात, बरीचशी हिस्टोनच्या लायसिनवर. त्यामुळे हेही हिस्टोनवरच काम करत असणार असं सगळे धरून चालले होते, तसे शोधनिबंधही आले होते. शुद्ध एन्झाइम हातात घेऊन नीट तपासल्यावर दिसलं की याला रस आहे तो ॲक्टिनच्या त्या एका हिस्टिडिनमध्ये. घराणं बघून गुण ठरवायची आपली खोड प्रयोगशाळेतही सुटत नाही.

सेटडी३ काढून टाकलेले उंदीर जगतात. ॲक्टिनवरचा तो मिथाइल पूर्ण नाहीसा होतो, तरी वरवर सगळं ठीक दिसतं. अडतं ते माद्यांच्या बाळंतपणात. माझी आई ग्रामीण रुग्णालयात लेबर रूमची सिस्टर होती. तिला हे फोनवर सांगितलं.

“कळाच लागत नाहीत म्हणजे? पिटोसिन लावून बघितलं का त्यांनी?”

“कळा आणणारी औषधं दिली गं. काही उपयोग नाही.”

“मग सिझर करायचं.”

“उंदराचं?”

“मग काय झालं? अडलेली ती अडलेलीच.”

तिचं निदान बरोबर दिशेने होतं. माणसाच्या गर्भाशयाच्या स्नायुपेशींतलं सेटडी३ कमी केलं तर इशारा मिळूनही त्या नीट आकुंचन पावत नाहीत. मिथाइल असला की ॲक्टिनला चिकटलेल्या एटीपी-एडीपी या ऊर्जेच्या रेणूंची अदलाबदल मंदावते, आणि तंतू कसे जुळतात त्यावर त्याचा परिणाम होतो. १४ डाल्टनची ही करामत. यीस्टच्या ॲक्टिनवर मात्र हा मिथाइल नसतो आणि त्याचं काही अडत नाही.

२०१९ मध्ये स्टॅनफर्डमधूनच आणखी एक गोष्ट पुढे आली. पोलिओचा विषाणू आणि त्याची एन्टेरोव्हायरस भावकी (सर्दीचे ऱ्हायनोव्हायरसही त्यातलेच) यांना वाढायला सेटडी३ लागतं. विषाणूचं २ए नावाचं प्रथिन त्याला जाऊन चिकटतं. सेटडी३ नसेल तर विषाणू पेशीत शिरतो, पण स्वतःच्या जीनोमच्या प्रती काढू शकत नाही. आणि मिथाइल लावण्याची ताकद काढून घेतलेलं सेटडी३ही त्याला चालतं! विषाणूला एन्झाइमच्या कामाशी देणंघेणं नाही, त्याला फक्त ते प्रथिन जवळ हवं. त्यामुळे इथे औषध शोधायचं तर मिथाइल लावण्याची जागा बुजवून भागणार नाही. २ए जिथे चिकटतं तेवढीच जागा अडवायला हवी, आणि ॲक्टिनचं काम चालू राहू द्यायला हवं.