कालच्या बातम्या कोण सांभाळते?

दूरचित्रवाणीवरचे बातमीपत्र एकदा प्रसारित झाल्यावर त्याचे पुढे काय होते, याची चौकशी नॅशव्हिलचे विमा व्यावसायिक पॉल सिम्पसन यांनी १९६८ साली न्यूयॉर्कमध्ये केली, तेव्हा मोठ्या वाहिन्या त्या टेप थोडे दिवस ठेवून पुसून टाकतात, असे त्यांना समजले. व्हिएतनामच्या युद्धाने अमेरिका ढवळून निघालेली असताना लोक रोज संध्याकाळी काय पाहत होते, याचा पुरावाच मागे राहत नव्हता. सिम्पसन यांनी नॅशव्हिलमधल्याच व्हँडरबिल्ट विद्यापीठाला गळ घातली आणि ५ ऑगस्ट १९६८ पासून तिथे तीन प्रमुख वाहिन्यांची बातमीपत्रे टेपवर मुद्रित होऊ लागली. १९७३ मध्ये त्यांपैकी सीबीएस या वाहिनीने विद्यापीठावर कॉपीराइटभंगाचा दावा लावला. १९७६च्या कॉपीराइट कायद्याने ग्रंथालयांना बातमीपत्रे टेपवर मुद्रित करून अभ्यासकांना देण्याची मुभा दिल्यावर तो मागे घेण्यात आला. या संग्रहात मला सर्वांत मोलाची वाटते ती त्याची सूची. प्रत्येक बातमीचा वेगळा गोषवारा तयार केलेला असल्यामुळे तासन्‌तास टेप न पाहताही अभ्यासकाला हवा तो तुकडा सापडतो.

टेपचे आयुष्य मात्र चांगल्या कागदाइतकेही नसते. चुंबकीय कणांना धरून ठेवणारा थर हवेतला दमटपणा शोषून चिकट होतो, यंत्राच्या हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर, गाळ साचतो आणि आवाज विरत जातो. अशी टेप सुमारे ५० अंश सेल्सिअसला काही तास मंद तापवली की तात्पुरती वाजवण्याजोगी होते, आणि तेवढ्या अवधीत तिची डिजिटल प्रत करून घ्यावी लागते. ती वाजवणारी यंत्रे आणि ती यंत्रे दुरुस्त करणारे तंत्रज्ञ दोन्ही दुर्मीळ होत चालल्यामुळे हे काम पुढे ढकलण्याची सोय उरलेली नाही. इंडियाना विद्यापीठाने आधी विभागाविभागांत पडून असलेल्या फितींची मोजदाद केली, २०१३ मध्ये मोठा उपक्रम जाहीर केला आणि तीन लाखांहून अधिक ध्वनिफिती व चित्रफिती डिजिटल स्वरूपात आणल्या.

मुळातच संगणकावर तयार झालेले साहित्य आणखी नाजूक असते. जुनी फ्लॉपी नुसती संगणकात घातली तरी फाइलींच्या तारखा बदलू शकतात. म्हणून ती राइट-ब्लॉकरमधून, म्हणजे डिस्कवर काहीही लिहू न देणाऱ्या साधनातून, वाचतात, संपूर्ण डिस्कची जशीच्या तशी प्रत घेतात आणि तिचा चेकसम, म्हणजे त्या मजकुरावरून गणिताने काढलेला ओळखीचा आकडा, नोंदवून ठेवतात. पुढे वेळोवेळी तो पुन्हा काढून जुन्या नोंदीशी ताडला जातो, कारण एक बिट बदलला तरी चेकसम बदलतो. स्टॅनफर्डच्या ग्रंथालयात १९९९ साली सुरू झालेल्या ‘लॉक्स’ प्रकल्पाने हीच दक्षता अनेक ग्रंथालयांत वाटून दिली: ठिकठिकाणच्या प्रती एकमेकींशी ताडल्या जातात आणि बिघडलेली प्रत चांगल्या प्रतीवरून दुरुस्त होते.

कॉपीराइटमुळे सगळेच साहित्य जालावर ठेवता येत नाही, हे मान्य आहे. पण साहित्य बंद असले तरी त्याची सूची बंद ठेवण्याला काहीच कारण नाही, असे माझे ठाम मत आहे. सांता बार्बरा येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ग्रंथालयाने तबकड्यांच्या आधी वापरात आलेल्या फोनोग्राफच्या जुन्या सिलिंडरांवरची दहा हजारांहून अधिक ध्वनिमुद्रणे कोणालाही मोफत ऐकता आणि उतरवून घेता येतील अशी खुली केली आहेत. जिथे तितके शक्य नाही, तिथे कोणत्या तारखेची कोणती टेप संग्रहात आहे, एवढी नोंद तरी दूरवरच्या अभ्यासकाला दिसली पाहिजे, म्हणजे त्याला ती पाहण्याची परवानगी निदान मागता येईल.