गोल मांडलेल्या खुर्च्या

आमच्या आधारगटाची आजची बैठक संपली तरी मनातून खुर्च्या जात नाहीयेत. किशोरवयात कडक व्यसनमुक्ती कार्यक्रमातून गेलेल्या कित्येकांना गोल मांडलेल्या खुर्च्या दिसल्या तरी छातीत धडधडतं. त्याला कारण आहे. १९५८ साली कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या सिनॅनॉन या व्यसनमुक्ती संस्थेत गोल बसून एकाला धरून बाकीच्यांनी शब्दांनी तुटून पडायचं, यालाच उपचार म्हणत. १९७६ ते १९९३ चाललेल्या स्ट्रेट इन्कॉर्पोरेटेड या अमेरिकेतल्याच किशोरांच्या व्यसनमुक्ती कार्यक्रमाने तसलाच प्रकार मुलांवर केला. सुटका व्हावी म्हणून न केलेल्या गोष्टीही कबूल केल्या, असं तिथून बाहेर पडलेले अनेकजण सांगतात.

म्हणून अशा कार्यक्रमांतून बाहेर पडलेल्या सोबत्यांच्या आधारगटात खुर्च्या अर्धवर्तुळात मांडा, दारापर्यंतची वाट मोकळी ठेवा, आणि "आज नको" म्हणायची मुभा सुरुवातीलाच सांगा. सहा ते आठ माणसं, दीड तास, पुरे. कुणी जास्त भोगलं याची तुलना सुरू झाली की बैठक चालवणाऱ्याने तिथेच थांबवावं. नाहीतर "माझं तर काहीच नव्हतं" असं वाटून गप्प बसलेला माणूस पुन्हा येत नाही. गट बहुतेक इथेच फुटतात.

नव्याने येणाऱ्याने पहिल्या दिवशी नुसतं ऐकलं तरी चालतं. बाहेरच्या मित्रांशी संबंध तोडायला सांगणारा गट मात्र लगेच सोडावा.

आणि पुन्हा नशा केली गेली तर कृपा करून लपवू नका. काही आठवडे बंद राहिल्यावर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. हेरॉईनसारख्या पदार्थाची जुनी मात्रा आता जीव घेऊ शकते. रात्री दोनला फोन उचलेल असा एक माणूस आजच ठरवून ठेवा.